बैलाचे पोट आणि अश्वशक्ती

जेम्स वॉटला घोड्यांच्या जागी आपले इंजिन खपवायचे होते, म्हणून त्याने शक्ती घोड्यावर मोजली. तो नाशिकला जन्मला असता तर ट्रॅक्टर बैलशक्तीत मोजले गेले असते. पोळ्याला हार घालून घेण्याचा मान तर ट्रॅक्टरने बैलाकडून घेतलाच आहे.

हे सुचायचे कारण आमचे मेव्हणे. दिंडोरीकडे त्यांची 3 एकर द्राक्षबाग. छोटा ट्रॅक्टर आणि त्यामागे जोडायचे गवत कापायचे यंत्र घ्यायचे म्हणून महिनाभर कोटेशने गोळा करताहेत. चिरंजीवांना मात्र 50 अश्वशक्तीच हवी. कारण गावात तशी तिघांकडे आहे! शेतीच्या इतिहासात या कारणाला फार मोठे स्थान आहे.

1903 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल म्हणून शेतकरी त्याला हात लावीनात. पहिला नांगर खपायला दोन वर्षे गेली म्हणतात. पुढे 1963 मध्ये महिंद्रांनी इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टरची कंपनी काढली. 35 अश्वशक्तीचा बी-275 शेतात उतरला आणि लोखंडाचे विष कुणाला आठवलेसुद्धा नाही. 1974 मध्ये देशी बनावटीचा ‘स्वराज 724’ आला. यंत्रे वाढत होती आणि जमीन वाटण्यांत आटत होती. 1947 साली तुकडेबंदीचा कायदा झाला खरा, पण भाऊबंदकीपुढे कायद्याचे काय चालणार?

त्यात नाशिकची द्राक्षे. दोन ओळींत आठ-दहा फूट, वर मांडव. धिप्पाड ट्रॅक्टर आत शिरला की घडांची काढणी मुहूर्ताआधीच उरकते. तेव्हा ट्रॅक्टरलाच अंग चोरावे लागले. बंगळूरच्या व्हीएसटीने मित्सुबिशीच्या साथीने 18.5 अश्वशक्तीचा ‘शक्ती’ आणला. पुढे महिंद्रांनीही 15 अश्वशक्तीचा ‘युवराज’ धाडला. युवराज झाला तरी मांडवाखालून जाताना वाकावेच लागते.

आता गवत. बैल औत ओढी, बांधावरचे गवत खाई आणि वर शेणही देई. बैल गेला, गवत राहिले. ट्रॅक्टर डिझेल पितो, पण गवताला तोंड लावत नाही! त्याच्यासाठी वेगळे तोंड विकत आणावे लागते. ते तोंड मूळचे विलायती. कापडावरची लव कातरणारे यंत्र पाहून 1830 मध्ये एडविन बडिंगने हिरवळ कातरणारे यंत्र बनवले. पुढे ते घोड्यांनी ओढू लागले, तेव्हा हिरवळीवर टापा उमटू नयेत म्हणून घोड्यांना चामड्याचे बूट घालीत. आमच्याकडे तेव्हा बैलवाल्यालाही वहाण मिळण्याची मारामार!

मेव्हण्यांना म्हटले, “भाऊसाहेब, कोटेशने राहू द्या, आधी टेप काढा.” ओळीतली मोकळी वाट मोजायची. फिरत्या पात्याच्या यंत्राला कापणीच्या दर फुटामागे साधारण 5 अश्वशक्ती लागते. म्हणजे 15-18 अश्वशक्तीला 3 फुटांचे पाते पुरे. फवारणीचा ब्लोअर त्यावर चालेल का, ते विचारायचे. वजन हलके असेल तर मुळांवरची माती कमी दबते. कापलेले गवत तिथेच पडू द्यायचे. ओल टिकते, कुजून खत होते. बैलाच्या पोटातून होणारे काम निदान अर्धे तरी परत मिळते.

चिरंजीव हिरमुसले. पण कर्ज 50 अश्वशक्तीसाठी काढले, तरी फेडायचे त्या 3 एकरांनाच असते.