मोहरीची वंशावळ

वकिलीच्या धंद्यात अस्सल आणि नक्कल यांचा झगडा नित्याचाच. अस्सल दस्त हजर असता नकलेस कोणी विचारीत नाही. आणि वारसाचा दावा उभा राहिला, की कोण कोणत्या शाखेचा हे पार पणजोबांपर्यंत जाऊन पाहिले जाते. अशा सवयीत आमची वीस वर्षे गेली. म्हणूनच, जिची फोडणी आम्ही रोज खातो त्या मोहरीची वंशावळ वाचनात आली, तेव्हा आमच्या काही ठाम समजुतींस धक्का बसला. ती हकीकत वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

वनस्पतीच्या पेशीत गुणसूत्रे जोडीजोडीने असतात. जोडीतील एक मातेकडील, एक पित्याकडील. बी धरण्यापूर्वी या जोडीदारांनी एकमेकांसमोर यावे लागते. पिवळी सरसों व सलगम ही ज्या एकाच जातीत मोडतात, तिच्या पेशीत गुणसूत्रे २०, म्हणजे १० जोड्या. काळ्या मोहरीत १६, म्हणजे ८ जोड्या. या दोहोंचा संकर झाला तर संततीस एकीकडून १० व दुसरीकडून ८ अशी १८ गुणसूत्रे मिळतात. परंतु त्यांतील बहुतेकांस योग्य जोडीदारच नसतो. असे रोप वाढते, फुलते, पण बहुधा वांझ राहते. क्वचित मात्र पेशी विभागताना चूक घडून गुणसूत्रांची संख्याच दुप्पट होते. १८ ची ३६ होतात. आता प्रत्येकास स्वतःचीच नक्कल जोडीदार म्हणून लाभते, आणि वांझ संकरातून बी धरणारी नवी जात उभी राहते. आपल्या बाजारात येणारी तपकिरी मोहरी ही अशीच दोन घराण्यांची लेक आहे. जेथे वंश खुंटावयाचा, तेथे नकलेने तो चालविला.

हे नाते १९३५ साली जपानात ऊ नागाहारू यांनी एका त्रिकोणात मांडले. मोरिनागा यांनी आधी केलेल्या संकरांच्या अभ्यासाचा त्यांस आधार होता. सरसोंची जात, काळी मोहरी आणि कोबी हे त्या त्रिकोणाचे तीन कोन. त्यांच्या दोहोंदोहोंच्या मीलनातून झालेल्या तीन जाती या त्याच्या तीन बाजू. ऊ नुसत्या तर्कावर थांबले नाहीत. सरसोंच्या व कोबीच्या जातींचा संकर करून ३८ गुणसूत्रांची तिसरी जात त्यांनी प्रत्यक्ष उत्पन्न करून दाखविली. आमच्या भाषेत बोलावयाचे, तर वंशावळ पुराव्यानिशी शाबीत झाली.

या शास्त्रज्ञाची स्वतःची वंशावळही दोन घरांची होती. त्यांचा जन्म १८९८ सालचा, टोकियोचा. आई जपानी, वडील कोरियातून परागंदा झालेले. १९०३ साली वडिलांचा खून झाला. पुढे कोरिया जपानच्या अमलाखाली असतानाही ऊ यांनी आपल्या निबंधावर वडिलांचे कोरियन आडनावच छापले. १९५० साली ते कोरियात गेले आणि १९५९ साली मृत्यू येईपर्यंत तेथील शेतकऱ्यांसाठी कोबी-मुळ्याचे चांगले बियाणे तयार करण्यात झिजले.

आम्हा कायद्याच्या माणसांस १९३५ हे वर्ष दुसऱ्या कारणाने ठाऊक आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात जर्मनीत न्यूरेंबर्गचे कायदे झाले, आणि ज्यू व जर्मन यांचे विवाह गुन्हा ठरले. नोव्हेंबरात निघालेल्या नियमांनी आजे-आज्या मोजून माणसाचे नागरिकत्व ठरविण्याची रीत घालून दिली. तेही वंशावळीचेच काम होते, आणि ते करणारे आमच्याच धंद्यातील सुशिक्षित लोक होते, ही गोष्ट आम्हांस विसरता येत नाही.

वनस्पतीत नकलेचे कार्य वंश चालविण्यापुरतेच नाही. १९७० साली सुसुमु ओहनो यांनी आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की जनुकाची दुसरी प्रत निर्माण झाली म्हणजे एक प्रत जुने काम सांभाळते आणि दुसरीस बदलण्याची मोकळीक मिळते. योगायोग असा, की या जपानी शास्त्रज्ञाचा जन्म १९२८ साली कोरियात झाला होता. बहुतेक जादा प्रती कालांतराने निकामी होऊन जातात. थोड्या मात्र नवे काम शिकतात. २००० साली मोहरीच्याच कुळातील ॲराबिडॉप्सिस या इवल्याशा रोपाचा जनुकसंच वाचून झाला. तो लहान व सुटसुटीत म्हणून निवडलेला. पण त्याचाही फार मोठा भाग प्राचीन काळी दुप्पट झालेला आढळला.

मोहरीचा झणका हे याच मोकळिकीचे फळ होय. अख्खा दाणा जिभेवर निमूट असतो. फेसल्यावर आत वेगवेगळी ठेवलेली द्रव्ये एकत्र येतात आणि नाकाला झिणझिण्या येतात. किड्यांपासून रक्षण करणारी ही द्रव्ये बनविणाऱ्या जनुकांत अशा दुप्पट झालेल्या प्रतींचा मोठा वाटा आहे, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविले गेले. कोबीवरील पांढऱ्या फुलपाखरांच्या कुळाने तो झणका पचविण्याची युक्ती काढली, तेव्हा वनस्पतींनी नव्या प्रतींतून आपले शस्त्र अधिक परजले. आणि ही चढाओढ कोट्यवधी वर्षे चालली.

सादृश्य म्हणजे पुरावा नव्हे, हे आम्ही जाणतो. मोहरीचा न्याय माणसास लावता येत नाही, आणि माणसाच्या प्रतिष्ठेस मोहरीच्या साक्षीची गरजही नाही. परंतु शुद्ध वंशाचे समर्थन करणारे निसर्गालाच साक्षीस बोलावीत आले आहेत; म्हणून त्या साक्षीदाराची उलटतपासणी करणे आमचे कर्तव्य ठरते. तो शपथेवर सांगतो ते इतकेच, की लोणच्यासाठी आपण जी मोहरी फेसतो, तिच्या प्रत्येक दाण्यात दोन घराण्यांचे दप्तर शेजारी शेजारी ठेवलेले आहे.