भयविनोदपट आणि वाद्यवृंद

भयपटातील भीती आणि प्रहसनातील हास्य यांचा संकर असलेल्या चित्रपटास भयविनोदपट म्हणतात. रॉक वाद्यवृंदातील कलावंतांनी स्वतःच्याच नावाने त्यात भूमिका करणे, हा या प्रकाराचा एक छोटा पण लक्षणीय उपप्रकार होय. पडद्यावरील संकटे काल्पनिक असली, तरी ती ज्यांच्यावर कोसळतात ती माणसे प्रेक्षकांच्या परिचयाची असतात. या विसंगतीतून विनोद निर्माण होतो व भीतीलाही धार येते.

पाश्चात्त्य देशांत या प्रकाराची पूर्वतयारी बीटल्स या गटाच्या ए हार्ड डेज नाइट (१९६४) या चित्रपटाने केली. त्यात भयाचा अंश नव्हता. तथापि वादकांनी ‘स्वतः’ची भूमिका करण्याचा प्रघात त्याने रूढ केला. किस मीट्स द फँटम ऑफ द पार्क (१९७८) या अमेरिकन दूरचित्रवाणीपटात किस या गटाचे सदस्य एका करमणूक-उद्यानातील विक्षिप्त अभियंत्याशी व त्याच्या यंत्रमानवांशी लढतात. अलीकडील ठळक उदाहरण म्हणजे फू फायटर्स या गटाचा स्टुडिओ ६६६ (२०२२). नव्या ध्वनिमुद्रणासाठी एका झपाटलेल्या वाड्यात उतरलेल्या या गटाचा त्यात क्रमाक्रमाने संहार होतो. चित्रपट प्रदर्शित झाल्यावर महिन्याभरातच गटाचा तबलजीसदृश आधारस्तंभ असलेला ड्रमवादक टेलर हॉकिन्स याचे निधन झाले. त्यामुळे त्याच्या पडद्यावरील मृत्यूचे दृश्य पुढील प्रेक्षकांना निव्वळ विनोद म्हणून पाहणे अवघड झाले.

महाराष्ट्रात पाश्चात्त्य करमणुकीचा प्रसार प्रामुख्याने दोन मार्गांनी झाला : लष्करी छावण्या आणि गोमंतकीय वादक. नासिकजवळील देवळाली कॅम्प हे पहिल्या मार्गाचे बोलके उदाहरण आहे. मुंबईहून मायदेशी जाणाऱ्या जहाजांची वाट पाहत ब्रिटिश सैनिक येथील संक्रमण छावणीत कित्येक महिने काढीत. उष्मा, हिवताप व रिकामपण यांमुळे उद्‌भवणाऱ्या मनोविकारास त्यांच्या बोलीत या गावाच्याच नावावरून ‘डूलॅली टॅप’ म्हणू लागले. त्यातील ‘टॅप’ हे ‘ताप’ या शब्दाचे रूप होय. भयातून जन्मलेला हा शब्द इंग्रजीत पुढे थट्टेचा झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथील तोफखाना दलाच्या कलापथकात काम केलेल्या जिमी पेरी यांनी डेव्हिड क्रॉफ्ट यांच्यासह त्या अनुभवावर इट एंट हाफ हॉट मम ही बीबीसीची विनोदी मालिका (१९७४–८१) रचली. हिंदी पात्राची भूमिका गोऱ्या नटाने रंग लावून केल्याबद्दल तिच्यावर पुढे टीकाही झाली.

दुसऱ्या मार्गाचे फळ मुंबईच्या चित्रपटसृष्टीत दिसते. राजा नवाथे दिग्दर्शित गुमनाम (१९६५) हा हिंदी चित्रपट प्रस्तुत उपप्रकाराच्या सर्वांत निकट येतो. अगाथा क्रिस्ती यांच्या १९३९ मधील कादंबरीच्या धर्तीवरील या रहस्यपटात एका निर्जन ठिकाणी अडकलेल्या माणसांचे एकामागून एक खून होतात. मेहमूद यांचा खानसामा त्या भीतीत हास्य पेरतो. मास्टर विनायक यांच्या कन्या नंदा यांची त्यात नायिकेची भूमिका असून धुमाळ यांचीही भूमिका आहे. आरंभीच्या नृत्यगृहातील ‘जान पहचान हो’ या गीतात टेड लायन्स अँड हिज कब्ज हा वाद्यवृंद स्वतःच्याच नावाने दिसतो. त्याचे नाव ड्रमवर लिहिलेले आहे. नर्तकी लक्ष्मी छाया हिच्यासह सर्व नर्तकांच्या डोळ्यांवर मुखवटे आहेत. त्याच वर्षीच्या भूत बंगला या मेहमूद दिग्दर्शित भयविनोदपटात संगीतकार राहुल देव बर्मन यांनी अभिनयही केला. परंतु पात्राचे नाव निराळे होते.

पाश्चात्त्य चित्रपट व गुमनाम यांतील मूलभूत भेद पार्श्वगायनाच्या पद्धतीत आहे. ‘जान पहचान हो’ या गीतातील आवाज मोहम्मद रफी यांचा, ओठांची हालचाल नृत्यदिग्दर्शक हर्मन बेंजामिन यांची व संगीत शंकर-जयकिशन यांचे. म्हणजे दिसणारा वाद्यवृंद व ऐकू येणारा गायक यांचा संबंध केवळ चित्रीकरणापुरता. शंकर-जयकिशन यांच्या संगीताची वाद्यरचना दीर्घकाळ सांभाळणारे सेबॅस्टियन डिसोझा हे गोमंतकीय होते व फाळणीपूर्वी लाहोरमध्ये त्यांचा स्वतःचा वाद्यवृंद होता. तालविभागाची धुरा दत्ताराम वाडकर यांच्याकडे असे. ध्वनिमुद्रणात प्रत्यक्ष वाजविणाऱ्या वादकांची नावे मात्र त्या काळी श्रेयनामावलीत क्वचितच येत. ‘गुमनाम’ म्हणजे निनावी. हे शीर्षक पडद्यावरील खुन्यापेक्षा पडद्यामागील वादकांनाच अधिक लागू पडते.

मराठीत भयविनोदपटाची परंपरा महेश कोठारे यांच्या झपाटलेला (१९९३) व पछाडलेला (२००४) या चित्रपटांनी लोकप्रिय केली. पहिल्यात भयाचे केंद्र रामदास पाध्ये यांची तात्या विंचू ही बाहुली आहे. आदित्य सरपोतदार यांचा झोंबिवली (२०२२) डोंबिवलीच्या नागरी जीवनात हाच प्रकार आणतो. या चित्रपटांत विनोदाची भिस्त नटांवर आहे, वादकांवर नाही.

गुमनाममधील उपर्युक्त गीत घोस्ट वर्ल्ड (२००१) या अमेरिकन चित्रपटाच्या प्रारंभी योजले गेल्यामुळे ते परदेशांतही परिचित झाले. ड्रमवर लिहिलेले नाव त्यामुळे टिकून राहिले. ज्या वादकांचे नाव कोठेच लिहिले गेले नाही, त्यांची नोंद ठेवणे हे चित्रपटसंगीताच्या इतिहासलेखनाचे एक अपुरे कार्य आहे.