मांजर, प्लेग आणि अमानत

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. शाळा सुटल्यावर सायकल स्टँडमागून बारीक आवाज येत होता. सातवीतल्या दोन मुली धावत आल्या. "आपा, खोक्यात काहीतरी आहे." पुठ्ठ्याच्या ओल्या खोक्यात मांजराची चार पिल्लं होती. डोळे उघडलेले नव्हते. आम्ही तासभर लांब उभं राहून त्यांच्या आईची वाट पाहिली. ती आली नाही. खोक्याचं तोंड दोरीनं बांधलेलं होतं, म्हणजे पिल्लं तिनं तिथं ठेवलेली नव्हतीच. कुणीतरी आणून टाकली होती.

ती मी घरी आणली. उंबऱ्यातच अम्मीनं अडवलं. "ये घर में कायकू लायी गे? नमाज की जगा है." मी म्हटलं, दोन दिवस ठेवते, मग कुणाला तरी देते. दोन दिवसांचे नऊ आठवडे झाले. त्या नऊ आठवड्यांत मी जे वाचलं, आठवलं आणि भोगलं, ते आज लिहिते आहे.

अम्मीच्या हरकतीपासूनच सुरुवात करते, कारण तशी हरकत आपल्या अनेक घरांत असते. सुनन अबू दाऊदमध्ये कब्शा बिन्ते कअब यांची एक रिवायत आहे. त्यांचे सासरे हजरत अबू कतादा घरी आले होते. कब्शांनी त्यांना वुजूसाठी पाणी काढून दिलं. तेवढ्यात मांजर आलं आणि त्या पाण्याला तोंड लावू लागलं. अबू कतादांनी त्याला हाकललं नाही. उलट त्याला नीट पिता यावं म्हणून भांडं तिरकं करून धरलं. सून चकित होऊन पाहत राहिली. तेव्हा त्यांनी सांगितलं की, मांजर नापाक नाही, ते तुमच्या घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकीच एक आहे, असं रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी फर्मावलं आहे. आपल्याकडचे हनफी उलेमा मांजराच्या उष्ट्याला मकरूह म्हणतात, पण नजिस म्हणत नाहीत. हे सगळं मी अम्मीला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि जानमाज उचलून आतल्या खोलीत नेली. एवढी तडजोड झाली.

मला त्या रिवायतीतलं ते तिरकं केलेलं भांडं फार आवडतं. म्हाताऱ्या माणसाचा हात, वुजूचं पाणी आणि वाळवंटातलं तहानलेलं मांजर. मसला तर त्यातून कळतोच, पण वागायचं कसं तेही दिसतं.

दुसरं नाव हजरत अबू हुरैरा यांचं. पाच हजारांहून अधिक हदीसा ज्यांच्याकडून आपल्यापर्यंत आल्या, त्यांना जग त्यांच्या खऱ्या नावानं ओळखत नाही. 'अबू हुरैरा' म्हणजे मांजराच्या पिल्लाचा बाप. दौस कबिल्यातला हा तरुण घरच्या शेळ्या चारायचा. त्याच्याजवळ एक पिल्लू असायचं, दिवसा तो त्याच्याशी खेळायचा. म्हणून घरच्यांनी हे नाव ठेवलं, असं त्यांनी स्वतः सांगितल्याचं तिर्मिजीत येतं. वर्गात हे सांगितलं की मुलं हसतात, पण नाव कधी विसरत नाहीत.

इथं एक खुलासाही करायला हवा. मोबाईलवर एक गोष्ट फिरते. रसूलुल्लाहच्या बाहीवर मांजर झोपलं होतं, त्याची झोप मोडू नये म्हणून त्यांनी बाही कापली, आणि त्या मांजराचं नाव मुअज्जा होतं. हदीसच्या विश्वसनीय संग्रहांत ही गोष्ट सापडत नाही. बाही कापल्याची हीच गोष्ट बाराव्या शतकातले इराकचे सूफी शेख अहमद रिफाई यांच्याबद्दलही सांगितली जाते. गोष्ट गोड आहे, पण हदीस म्हणून ती पुढे पाठवू नये. खऱ्या रिवायती कमी पडतात असं थोडंच आहे?

आणि सगळ्यांत खरी, सगळ्यांत कठीण रिवायत बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. एका बाईनं मांजर कोंडून ठेवलं. त्याला खायला दिलं नाही आणि जमिनीवरचे किडेमकोडे खाऊन जगावं म्हणून मोकळंही सोडलं नाही. ते मेलं, आणि त्यापायी ती जहन्नममध्ये गेली. मी ही हदीस कितीतरी वेळा शिकवली आहे. पण त्या खोक्याची दोरी सोडताना ती पहिल्यांदा माझ्या अंगावर आली. कारण सांगते.

मी दहा वर्षांची असताना आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर एक मांजरी व्याली. अब्बांना ते खपलं नाही. मला आणि भाईजानला त्यांनी एक पोतं दिलं, "लांब सोडून या." आम्ही सायकलवरून गावाबाहेर उसाच्या शेताकडं गेलो आणि पोतं बांधाला ठेवून आलो. पोत्याचं तोंड सोडलं होतं का, ते मला आजही नक्की आठवत नाही. मांजरी तीन रात्री घरभर ओरडत फिरली. माळा, चूल, पेटीमागं, पुन्हा माळा. अब्बांनी रेडिओ मोठा केला. चौथ्या दिवशी ती कुठंतरी निघून गेली. घरात त्यावर कुणी कधी बोललं नाही.

मराठीत म्हण आहे, मांजरीचे दात तिच्या पिल्लांना लागत नाहीत. ज्या दातांनी ती उंदीर फाडते, त्याच दातांनी ती पिल्लू मानेला धरून उचलते. लोक म्हणतात, ती पिल्लांना सात घरं दाखवते. आम्ही त्या पिल्लांना आठवं घर दाखवलं होतं.

असं पोतं घेऊन जाणारे आम्ही पहिले नव्हतो, हेही खरं. माणसाचं आणि मांजराचं नातं जुनं आहे, पण ते बरंचसं गरजेचं आहे. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाशेजारी मांजर पुरलेलं सापडलं आहे. शेती आली, धान्य साठलं, उंदीर आले, त्यांच्या मागं मांजर आलं. कणगी भरलेली असते तोवर मांजर हवं असतं, आणि पिल्लं झाली की पोतं काढलं जातं.

ही गरज आपल्या महाराष्ट्रात किती मोठी होती, ते प्लेगनं दाखवलं. 1896 साली मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला. पुढच्या काही वर्षांत तो गावोगाव पोचला. देशभरात एक कोटीहून अधिक माणसं गेली. पुण्यात रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांचं 10 मार्च 1897 रोजी प्लेगनंच निधन झालं. कोल्हापूर संस्थानातही लोक गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहिले. माझी नानी तिच्या सासूकडून ऐकलेलं सांगायची. घरात उंदीर पडला की भांडीकुंडी उचलायची आणि निघायचं.

उंदीर पडणं आणि माणूस पडणं यांचा संबंध लोकांना आधीच दिसत होता. पॉल-लुई सिमॉंद या फ्रेंच डॉक्टरानं 1898 मध्ये कराचीत प्रयोग करून मधला दुवा दाखवला. तो दुवा म्हणजे उंदरावरची पिसू. त्याचं म्हणणं सर्वमान्य व्हायला मात्र आणखी काही वर्षं लागली.

याच काळात वऱ्हाडात, अमरावतीला, अँड्र्यू ब्यूकॅनन नावाचे सिव्हिल सर्जन होते. औषधांच्या आणि निर्जंतुकीकरणाच्या गदारोळात त्यांना एक साधा प्रश्न पडला. एका गावात प्लेग येतो, शेजारच्या गावात का येत नाही? त्यांनी गावांतली मांजरं मोजायला लावली. जिथं पुष्कळ घरांत मांजरं होती, तिथं प्लेग कमी, असं त्यांना दिसलं. 1908 साली त्यांनी यावर लेख लिहून मांजर पाळण्याचा प्रचार केला. सरकारी डॉक्टर गावात येऊन माणसांबरोबर मांजरांची शिरगणती करतो आहे, हे दृश्य डोळ्यांपुढं आणा. आपल्या पणज्या-खापरपणज्यांना किती हसू आलं असेल!

आज आपल्याला माहीत आहे की मांजरालाही प्लेग होतो आणि त्याच्यापासून तो माणसाला होऊ शकतो. त्यामुळं ब्यूकॅनन यांचा उपाय वाटतो तितका सरळ नव्हता. पण मला त्या मोजणीत वेगळंच दिसतं. कामाचं म्हणून मोजलेलं मांजर काम संपलं की कुणाच्याच खात्यावर राहत नाही. प्लेग गेला. पुढं गोदामं आली, उंदरांचं औषध आलं. मांजर मात्र तसंच दारात उभं राहिलं.

गरजेपलीकडं जाऊन पाहणारी माणसंही इतिहासात होती. तेराव्या शतकात इजिप्तचा सुलतान बैबर्स यानं कैरोतली आपली एक बाग बेवारस मांजरांसाठी वक्फ केली होती. पुढं बाग हातोहात विकली गेली, उत्पन्न आटलं. तरी 1830 च्या दशकात एडवर्ड लेन हा इंग्रज अभ्यासक कैरोत राहत होता, तेव्हाही काझीच्या कचेरीच्या चौकात दुपारी मांजरं जमायची आणि त्यांना खायला घातलं जायचं. त्यानं ते लिहून ठेवलं आहे. सुलतानाला जाऊन साडेपाचशे वर्षं झाली होती आणि मांजरांचं ताट अजून चालू होतं.

त्याच दशकात आपल्या मुंबईत इंग्रज सरकारनं भटकी कुत्री मारण्याचा सपाटा लावला. 1832 साली पारशी समाज रस्त्यावर उतरला, इतरही त्यांच्या बाजूनं आले, दंगल झाली. त्यानंतर 1834 मध्ये जमशेटजी जीजीभॉय आणि गुजराती व्यापाऱ्यांनी मिळून मुंबईचा पांजरापोळ उभा केला. पारशी, जैन, हिंदू असे वेगवेगळ्या धर्मांचे लोक मुक्या जनावरासाठी एकत्र आले. आपल्या संविधानात 1976 साली मूलभूत कर्तव्यं आली. त्यांत सजीवांबद्दल करुणा बाळगणं हेही एक कर्तव्य आहे. आम्ही ते परीक्षेला विचारतो. उत्तराला एक गुण असतो.

आता माझ्या घरातल्या खोक्याकडं येते.

पहिल्याच रात्री कळलं की आपल्याला काहीच येत नाही. मी गाईचं दूध कोमट करून पाजलं आणि पिल्लांना जुलाब झाले. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, गाईचं दूध त्यांना पचत नाही, पिल्लांसाठीची वेगळी पावडर मिळते. ती कोल्हापुरातून आणली. दर दोन-तीन तासांनी पाजायचं, रात्रीसुद्धा. पिल्लाला बाळासारखं उताणं धरायचं नाही, दूध छातीत जातं, पालथंच ठेवायचं. पाजल्यावर ओल्या कापसानं खालून हलकं पुसायचं, कारण एवढ्या लहान पिल्लाला आई चाटल्याशिवाय लघवीही होत नाही. आणि दुधाच्याही आधी ऊब. गार पडलेल्या पिल्लाला पाजलं तर ते मरतं. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवायची.

तिसऱ्या दिवशी एक गेलं. सहाव्या दिवशी दुसरं. दुसरं माझ्या तळहातावरच गेलं. फजरची अजान होत होती. मी शाळेत गेले आणि आठवीला विभक्ती शिकवली. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये रडले. एका सहकाऱ्यानं विचारलं, "मांजरासाठी?" मी हो म्हटलं. पण ते अर्धंच खरं होतं. अर्धं रडणं पस्तीस वर्षांपूर्वीच्या पोत्यासाठी होतं.

उरलेली दोन जगली. डोळे उघडले, दात आले, पडद्यावर चढू लागली. एकाचं नाव मुलींनी 'खडू' ठेवलं, कारण तो पांढरा होता. दुसरी 'डस्टर'. तिच्या नावाचं कारण मला माझ्या उशीवर कळलं.

आठ आठवडे झाल्यावर त्यांना घर शोधायचं ठरलं होतं. घर मिळालंही. इचलकरंजीचं एक कुटुंब दोघांनाही एकत्र न्यायला तयार होतं. आणि तेव्हा मी कारणं शोधू लागले. त्यांचं घर रस्त्याला लागून आहे. त्यांना अनुभव नाही. आणखी आठवडाभर थांबू. एका रात्री मला स्वतःचीच लाज वाटली. त्या हदीसमधल्या बाईवर दोन जबाबदाऱ्या होत्या, खायला घालणं किंवा मोकळं सोडणं. पहिली मी पार पाडत होते. दुसऱ्या वेळेला माझी मूठ उघडत नव्हती.

आपल्याकडं यासाठी शब्द आहे, अमानत. दुसऱ्याची वस्तू जिवापाड जपायची आणि वेळ आली की ज्याची त्याला द्यायची. पैशाच्या बाबतीत हे आपल्याला कळतं. जिवाच्या बाबतीत कळायला फार वेळ लागतो. मी वीस वर्षं शिक्षिका आहे. दरवर्षी एक वर्ग माझ्या हातून पुढं जातो. मुली लग्न होऊन जातात, मुलं पुण्या-मुंबईला जातात. तरी हे मला दोन मांजरांनी नव्यानं शिकवलं.

ती दोघं गेली त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते. अम्मी मागं येऊन उभी राहिली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुमने छोडे थे ना बच्चे, उस के दूसरे दिन मैं गयी थी देखने."

मी नळ बंद केला.

"बोरी थी. मुँह खुला था. बच्चे नहीं थे."

म्हणजे पोत्याचं तोंड उघडं होतं. पिल्लांना मांजरी घेऊन गेली की कोल्हा, ते तिलाही माहीत नव्हतं, आणि मीही विचारलं नाही. एवढी वर्षं आम्ही दोघी एकाच घरात ते पोतं वेगवेगळं वाहत होतो.

आता परसात, तुळशीच्या कुंडीशेजारी – हो, आमच्या दारात तुळस आहे, अम्मीच्या खोकल्यासाठी – एक मातीचं भांडं आहे. सकाळी वुजू झाल्यावर अम्मी ते पाण्यानं भरते. कुणाचंही मांजर येतं, पितं आणि जातं.