हात धरा, वन्सं

इ.स. १८४५. नवरात्रातली रात्र. डभोईच्या हिरा भागोळीतून तुम्ही आत शिरता. वेशीच्या कोरीव दगडांवर मशालीचा उजेड हलतोय. कनवटीला बाबाशाही रुपया, अंगावर घाघरा. एरवी तुम्ही पुरुष असलात तरी आजचा प्रवास बाईच्या अंगाने करायचा आहे.

चौकात छिद्राछिद्रांच्या मडक्यात दिवा, भोवती बायकांचं रिंगण. भरदार आवाजाची एक बाई ओळ उचलते, बाकीच्या झेलतात. ती वाकली की सगळ्या वाकतात. तिने लय वाढवली की टाळ्या दाटतात. मग तिला दम लागतो. शेजारची पुढची ओळ घेते आणि रिंगण आता हिच्या मागे जातं. गरबी दयारामची: काळ्या रंगाच्या कशाजवळही फिरकणार नाही, असा कृष्णावर रुसलेल्या गोपीचा हट्ट. कवी याच गावात राहतो. साठी उलटलेला, अविवाहित. घरात रतनबाई ही सोनाराची विधवा. पुरुषाने गोपी होऊन लिहिलं आणि बायका ते गाऊन पुरुषाला धारेवर धरताहेत. शब्द मात्र अजून त्याचेच.

याच सुमारास युरोपात वॉल्ट्झ रंगात आहे. तिथे पुरुष कमरेला हात घालतो आणि कधी, कुठे वळायचं ते ठरवतो. इथे स्त्री-पुरुष एकमेकांना धरतच नाहीत. त्यामुळे पुढारपण गळ्याकडे गेलं आहे.

पुढे चला. १८६२ साली डभोई-मियागाम नॅरोगेजवर बैल डबे ओढताना दिसतील, थांबू नका. १९१०. श्रावणी मंगळवार. गायकवाडी कचेरीतल्या कारकुनाचं दक्षिणी घर. तुम्ही नवी सून. दिवसभर वन्संपुढे मान वर करायची सोय नाही. मंगळागौर पुजून झाली, पुरुष ओटीवर गेले, इकडे पदर खोचले गेले.

"वहिनी, या. हात धरा."

उजव्यात उजवा, डाव्यात डावा. चवड्यांना चवडे भिडवून दोघी मागे रेलता. तोंडाने पकवा सुरू होतो. तुम्ही सुनेच्या सवयीने अंग चोरता आणि तोल जातो.

"अहो, रेला की! मला पाडाल अशाने."

"वन्सं, हात सोडू नका हं!"

आता पूर्ण भार टाकता. मनगटं ताणतात, समया-भिंती एकमेकींत मिसळतात. फुगडीत मान राखून कमी रेललात तर दोघी आपटाल. इथे कुणी नेत नाही, कुणी मागून येत नाही. उजाडल्यावर वन्सं पुन्हा वन्सं होतीलच. मोकळीक आहे ती पुरुष ओटीवर असेपर्यंत. पुढच्याच वर्षी बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई भारतीय स्त्रीच्या स्थानावर इंग्रजीत पुस्तक काढणार आहेत. १९२७ साली त्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा होतील. या माजघरापर्यंत ते पोचायला वेळ आहे.

आता आजच्या नवरात्रात या. दांडियाच्या दोन रांगा, बायका-पुरुष एकत्र. समोर कधी नवरा, कधी शेजारच्या काकी, कधी अनोळखी पोरगा. दोघांचे ठोके सारखेच. ठोके संपले की पुढचा जोडीदार. तुमचा ठोका चुकला तर समोरचा दांडिया तसाच धरून थांबतो.

उद्या साल्साच्या वर्गात कुणी "मुलगे लीडर, मुली फॉलोअर" अशी वाटणी केली तर खुशाल हरकत घ्या. नेणं हे काम आहे. ज्याला ताल सापडला त्याने ते करावं, आणि दम लागला की शेजारच्याला द्यावं.