सोनेरी मुलाम्याचा बटाटा

दिल्लीच्या पोस्टिंगमध्ये रविवार मोकळा मिळणे हीच मोठी गोष्ट. तसा एक मिळाला, तेव्हा नोएडाच्या सेक्टर ३८ मधल्या गोल्फ कोर्सवर गेलो होतो, खेळायला नव्हे, तिथले स्मारक पाहायला. ११ सप्टेंबर १८०३ रोजी याच परिसरात दिल्लीची लढाई झाली. आपल्याकडे तिला पटपडगंजची लढाई म्हणतात. मराठ्यांच्या फौजेचा सेनापती लुई बुर्कें, इंग्रजांचा जनरल जेरार्ड लेक, आणि इंग्रजांचा विजय, एवढे तिथे नोंदवले आहे. स्मारक इंग्रजांनी १९१६ साली उभारले.

माझ्यासोबत ड्रायव्हर होता, कोरेगाव तालुक्यातला पोरगा. त्याने मला मजकुराचा अर्थ विचारला. मी सांगितला. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "साहेब, फ्रेंचाचं नाव हाय, इंग्रजाचं हाय. आपल्यातल्या एकाचंबी न्हाई." मग पुढचा प्रश्न: "ह्या लेकला पाठवलं कुणी?"

पाठवले रिचर्ड वेलस्लीने. गव्हर्नर जनरल म्हणून हे नाव आपण शाळेत तैनाती फौजेच्या धड्यात वाचलेले असते. पण हा माणूस मुळात आयर्लंडचा सरदार होता, आणि त्याच्या घराण्याच्या पदव्यांची गोष्ट आपल्या १८०३ च्या पराभवाला चिकटलेली आहे. पुढचे काही रविवार मी तीच वाचण्यात घालवले.

हे घराणे मूळचे कॉली. सोळाव्या शतकात इंग्लंडमधून आयर्लंडमध्ये गेलेले, किल्डेअर परगण्यातल्या कार्बरीला स्थिरावलेले. म्हणजे जिंकलेल्या मुलखात जमिनी मिळवून बसलेले प्रॉटेस्टंट जमीनदार, आणि भोवतालची रयत बहुतांश कॅथलिक. १७२८ साली रिचर्ड कॉली याला गॅरेट वेस्ली नावाच्या निपुत्रिक नातेवाइकाची मीथ परगण्यातली डँगन ही जहागीर वारशाने मिळाली. त्यासोबत त्याने वेस्ली हे आडनावही घेतले. आपल्याकडे दत्तक जाऊन वतन आणि नाव दोन्ही घेतात, तसलाच प्रकार. १७४६ साली तो बॅरन मॉर्निंग्टन झाला. मॉर्निंग्टन हे बॉइन नदीच्या मुखाजवळचे गाव. त्याचा मुलगा गॅरेट १७६० साली अर्ल झाला. हा गॅरेट संगीतकार होता, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात संगीताचा प्राध्यापक. संगीतात नाव मिळवले, पण जहागिरीवर कर्ज ठेवून १७८१ साली वारला.

त्याचा थोरला मुलगा रिचर्ड एकविसाव्या वर्षी दुसरा अर्ल झाला. वडिलांची कर्जे त्याने अंगावर घेतली आणि १७९३ साली डँगनची वास्तू विकून टाकली. त्याचाच धाकटा भाऊ आर्थर, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. आर्थर भारतात असतानाच १७९८ च्या सुमारास त्याच्या 'वेस्ली'चे 'वेलस्ली' झाले. हे आडनावाचे जुने आणि जास्त भारदस्त रूप होते.

आता या पदव्यांचा कायदा समजून घ्यायला हवा. अर्ल म्हटले की आपल्याला वाटते, झाला मोठा लॉर्ड. पण आयर्लंडच्या सरदारक्या वेगळ्या वहीत लिहिलेल्या असत. त्यांच्या जोरावर डब्लिनच्या वरिष्ठ सभागृहात बसता येई, लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये नाही. १८०१ मध्ये दोन्ही राज्यांचे एकीकरण झाल्यावर डब्लिनचे सभागृहच गेले. सगळ्या आयरिश सरदारांनी मिळून निवडलेल्या फक्त २८ जणांना लंडनमध्ये बसायला जागा मिळाली. फौजी भाषेत सांगायचे तर खांद्यावरचे तारे तेच, पण मेसमधली खुर्ची मात्र पक्की नाही. लंडनच्या सरकारलाही हे सोयीचे होते. कुणाला खूश करायचे असेल, पण जास्त काही द्यायचे नसेल, तर आयर्लंडची पदवी द्यायची.

रिचर्डला ही मेख चांगली ठाऊक होती. म्हणूनच १७९७ मध्ये भारतात यायला निघताना त्याने ब्रिटनची बॅरनकी पदरात पाडून घेतली. ती हुद्द्याने लहान, पण तिला लंडनमध्ये हक्काची खुर्ची होती. मे १७९८ मध्ये तो कलकत्त्याला पोहोचला. वर्षभरात, ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू मारला गेला. लुटीतून एक लाख पौंड देण्याची गोष्ट निघाली, ती त्याने नाकारली. ते पैसे फौजेच्या हक्काचे आहेत, ही त्याची भूमिका. शिपाई म्हणून मला हे मान्य करावेच लागते की तो त्या बाबतीत सरळ वागला. फौजेने त्याला टिपूच्या जवाहिरातून घडवलेला सेंट पॅट्रिकचा तारा भेट दिला.

पण त्याला हवे होते ते वेगळेच. टिपू संपवल्याबद्दल ब्रिटनची मोठी पदवी मिळणार, अशी त्याची खात्री होती. डिसेंबर १७९९ मध्ये राजाने त्याला मार्क्वेस केले खरे, पण आयर्लंडच्या वहीत. बातमी कलकत्त्याला पोहोचली तेव्हा तो आजारी पडण्याइतका खचला. पंतप्रधान पिटला त्याने संतापाचे पत्र लिहिले. या पदवीला त्याने दुहेरी सोनेरी मुलामा दिलेला बटाटा म्हटले. बटाटा म्हणजे आयरिश गरिबाचे रोजचे अन्न. स्वतः आयर्लंडमध्ये जन्मलेला हा माणूस मायभूमीच्या नावाची पदवी मिळाली म्हणून अपमान मानत होता.

हा अपमान नसता तर १८०३ चे युद्ध झाले नसते, असे मी म्हणणार नाही. त्याची कारणे आपल्याच घरात होती. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव वसईला पळाला आणि ३१ डिसेंबरला त्याने इंग्रजांशी तह केला. दरवाजा आपणच उघडला. वेलस्लीने त्यातून आत यायला उशीर केला नाही, इतकेच. दख्खनमध्ये धाकटा भाऊ आर्थर, उत्तरेत सेनापती लेक, अशी त्याची दुहेरी मोहीम होती. लेक कोण, तर १७९८ मध्ये आयर्लंडमधला उठाव व्हिनेगर हिलला चिरडणारा जनरल. ज्या भूमीच्या पदव्या वेलस्ली घराणे मिरवत होते, तिथल्याच रयतेवर तोफा डागून तो इकडे आला होता.

त्या मोहिमेतली मला सर्वांत बोचणारी गोष्ट रणांगणावरची नाही. युद्धाच्या तोंडावर वेलस्लीने एक जाहीरनामा काढला. शिंद्यांच्या चाकरीतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी नोकरी सोडावी, त्यांच्या उदरनिर्वाहाची सोय कंपनी करील. बरेच जण गेले. ४ सप्टेंबरला अलीगढ पडले आणि मुख्य सेनापती पेराँ हा फ्रेंचही काही दिवसांत इंग्रजांच्या आश्रयाला गेला. उरला बुर्कें.

११ सप्टेंबरला लेकची सुमारे साडेचार हजारांची फौज मोठी मजल मारून आली होती, तळ टाकत होती. समोर शिंद्यांच्या पलटणी तोफांच्या आडोशाने भक्कम बसलेल्या. लेकने घोडदळ पुढे काढले आणि मग माघार घेतल्याचा देखावा केला. आपल्या पलटणी विजय समजून खंदकातून बाहेर आल्या. त्याच क्षणी घोडदळ दुभंगले आणि मधून इंग्रज पायदळ चालून आले. संध्याकाळपर्यंत यमुनेचा डावा तीर त्यांच्या हाती होता. काही दिवसांत बुर्कें शरण गेला.

यानंतर १ नोव्हेंबरला लासवारीला, आजच्या अलवर जिल्ह्यात, जे घडले ते प्रत्येक अधिकाऱ्याने वाचावे. शिंद्यांच्या ज्या पलटणी तिथे लढल्या, त्यांचे युरोपीय अधिकारी निघून गेले होते. गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत, तोफांपाशीच कापले गेले. हे सैतानांसारखे, नव्हे, वीरांसारखे लढले, अशा अर्थाची कबुली लेकनेच आपल्या पत्रात दिली आहे. त्यांच्यात दख्खनचे किती आणि हिंदुस्थानी किती हा हिशेब मला महत्त्वाचा वाटत नाही. अधिकारी गेले, शिपाई राहिले.

३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी अंजनगावच्या तहाने दिल्ली, आग्रा आणि गंगा-यमुनेमधला मुलूख शिंद्यांच्या हातून गेला. लेकला १८०४ मध्ये बॅरनची पदवी मिळाली, तिच्यात 'दिल्ली आणि लासवारी' ही दोन्ही गावे घातली होती. तीन वर्षांनी तो व्हायकाउंट झाला. आणि ही पदवी आयर्लंडची नव्हती, लंडनमध्ये हक्काने बसवणारी होती. ज्याच्या हुकमाने लेक लढला, त्या वेलस्लीला बढती मिळाली नाही. उलट १८०४ मध्ये यशवंतरावांनी मॉन्सनची फौज पिटाळली, दिल्लीलाही वेढा घातला. कंपनीचे कर्ज वाढत चालले होते. १८०५ मध्ये वेलस्लीला परत बोलावले गेले आणि घरी त्याच्यावर पार्लमेंटमध्ये आरोप झाले.

इथे मला महादजींची आठवण येते. याच मुलखात १७८४ साली बादशहा शहा आलमने पेशव्यांच्या नावे वकील-इ-मुतलक हे पद दिले आणि त्याचा कारभार महादजींच्या हाती आला. बादशाहीतले याहून मोठे पद सापडणे कठीण. १७९२ मध्ये पुण्याला फर्मानबाडीचा मोठा समारंभ करून ते फर्मान पेशव्यांना अर्पण केले गेले. हे सगळे हाती असताना महादजी स्वतःला पाटील म्हणवत. पत्रव्यवहारातही ते पाटीलबावा. पेशव्यांचे जोडे उचलल्याची गोष्ट सांगितली जाते ती याच काळातली. यात राजकारणही होते. फर्मानबाडीकडे नाना फडणवीस संशयाने पाहत होते आणि नम्रतेनेही दरबार जिंकता येतो हे महादजींना चांगले कळत होते. तरीही फरक राहतोच. एकाच्या हाती सत्ता असताना त्याने गावचे पद पुढे केले. दुसऱ्याला सत्ता मिळूनही पदवीच्या वहीने झोप लागू दिली नाही. आणि महादजींना फर्मान देणाऱ्या त्याच शहा आलमने १८०३ मध्ये लेकला फारसी किताब दिले, त्यात 'फतेहजंग'ही होता. तेव्हा तो आंधळा होता, देण्यासारखे दुसरे काही त्याच्यापाशी नव्हते.

वेलस्लीच्या मार्क्वेसपदाचे पुढे काय झाले? त्याला मुले होती, पण ती आईबापांच्या लग्नाआधी जन्मलेली, म्हणून कायद्याने वारस नाहीत. त्यांतला जेराल्ड पुढे इंदूरला, होळकरांच्या दरबारात, कंपनीचा रेसिडेंट होता. रिचर्डने उतारवयात आयर्लंडचा लॉर्ड लेफ्टनंट म्हणून काम केले आणि तिथल्या कॅथलिकांच्या हक्कांची बाजू घेतली, हे त्याच्या पदरात टाकायलाच हवे. २६ सप्टेंबर १८४२ रोजी तो वारला आणि मार्क्वेसपद त्याच्यासोबत संपले. मॉर्निंग्टनची अर्लकी भाऊ विल्यमकडे गेली, मग त्याच्या उधळ्या मुलाकडे, मग नातवाकडे. १८६३ मध्ये नातू निपुत्रिक वारल्यावर ती वेलिंग्टनच्या ड्यूककडे आली. आज ती ड्यूकच्या थोरल्या मुलाच्या थोरल्या मुलाला केवळ शिष्टाचार म्हणून लावतात. लेकची पदवी १८४८ मध्येच बुडाली. डँगनची वास्तू १८०९ च्या आगीत गेली, तिथे आता पडक्या भिंती आहेत. दिल्लीतल्या वेलस्ली रोडला आपण झाकीर हुसेन मार्ग म्हणतो.

हे सगळे मी ड्रायव्हरला परतीच्या वाटेवर तुकड्यातुकड्यांनी सांगितले. आयर्लंडमध्ये त्याला फारसा रस नव्हता. त्याने एकच विचारले, "आन् साहेब, ते लासवारीचं? तोफेजवळचे? त्यांचं काय लिवलंय तिथं?"

मी लासवारी अजून पाहिलेली नाही. दिल्लीहून एका दिवसात जाऊन येण्यासारखी आहे. पुढचा मोकळा रविवार मिळाला की आम्ही दोघे जाणार आहोत. शिंद्यांचे मूळ गाव कण्हेरखेड त्याच्याच तालुक्यातले, हे त्याने मला बजावून सांगितले आहे.