विरारपुढची विजेची वेस

मुंबईहून उत्तरेस निघालेली आगगाडी विरार सोडून वैतरणा स्थानकाकडे जाऊं लागली, कीं एके काळीं वाटेंत एक चमत्कार घडत असे. इंजिनाची ओढ एकाएकीं थांबे. गाडी कांहीं क्षण नुसत्या आपल्या वेगाच्या जोरावर पुढें सरके, आणि मग इंजिन पुन्हां ओढूं लागे. खिडकीशीं बसलेल्या उतारूला बाहेर तींच भातखाचरें आणि तेंच खाडीचें पाणी दिसे. आपण एक वेस ओलांडली, याची त्याला गंधवार्ताही नसे. ती वेस तालुक्याची किंवा संस्थानाची नव्हती. दोन जातींच्या विजेमधली ती वेस होती.

ती कोणी मुद्दाम आंखलेली नव्हती. बाँबे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे कंपनीचा लोहमार्ग वैतरणा नदी ओलांडून १८६४ च्या नोव्हेंबरांत मुंबईस ग्रँट रोडपर्यंत पोंचला. वाफेच्या इंजिनाचा संसार स्वतंत्र असे; कोळसा आणि पाणी बरोबर घेतलें, कीं रूळ जेथवर नेतील तेथवर तें जाई. विजेच्या गाडीचें तसें नाहीं. तिचें अन्न डोक्यावरच्या तारेंतून येतें, आणि तार जें वाढील तेंच तिला पचलें पाहिजे.

कुलाबा ते बोरिवली या मार्गावर ५ जानेवारी १९२८ रोजीं विजेच्या गाड्या सुरू झाल्या, आणि १९३६ सालीं तार विरारपर्यंत गेली. ही वीज १,५०० व्होल्ट दाबाची व एकदिश, म्हणजे सदैव एकाच दिशेनें वाहणारी होती. व्यवहारांत तिला डी. सी. म्हणतात. त्या काळच्या मोटारींना हीच वीज मानवे. जड गाडी जागची हलवून तिला भराभर वेग देण्याचें काम त्या या विजेवर सुरेख करीत. स्थानकें जवळ जवळ असलेल्या मुंबईच्या मार्गाला याहून अधिक कांहीं नको होतें. तेव्हांचा निर्णय चुकला, असें म्हणतां येणार नाहीं.

लांब पल्ल्याच्या मार्गावर मात्र हिशेब बदलतो. एखाद्या गाडीला ३० लाख वॉट शक्ति लागते असें धरलें, तर १,५०० व्होल्टांवर तारेंतून २,००० अँपिअर प्रवाह न्यावा लागतो. २५,००० व्होल्टांवर तेंच काम १२० अँपिअरांत होतें. प्रवाह जितका मोठा, तितकी तार जाड आणि वीज पुरविणारीं उपकेंद्रें तितकीं जवळ जवळ. म्हणून भारतीय रेल्वेनें १९५७ सालीं, फ्रान्समधील यशस्वी प्रयोग ध्यानीं घेऊन, २५,००० व्होल्टांची व सेकंदास ५० आवर्तनें करणारी प्रत्यावर्ती वीज, म्हणजे ए. सी., पुढील कामांसाठीं पत्करली. १९७० नंतरच्या कांहीं वर्षांत विरारच्या उत्तरेस ही नवी तार उभी राहिली. दक्षिणेस जुनी होतीच. विरार आणि वैतरणा यांच्यामध्यें दोघी समोरासमोर आल्या.

प्रत्येक तार आपल्या जागीं निर्दोष होती. इंजिनेंही निर्दोष होतीं. तरी एकीकडचें इंजिन दुसरीकडे निरुपयोगी, किंबहुना धोक्याचेंच. १,५०० व्होल्टांसाठीं बांधलेल्या यंत्रांत २५,००० व्होल्ट शिरले, तर तीं जळून जावयाचीं.

टोंकें धड, पण त्यांचा करार जुळत नाहीं, हा रोग तारायंत्राइतका जुना आहे. युरोपांत निरनिराळ्या राज्यांचीं तारायंत्रें आणि संकेत निरनिराळे असत. सरहद्दीवर आलेली तार कागदावर उतरवून पलीकडच्या तारमास्तराच्या हातीं द्यावी लागे, आणि तो ती आपल्या रीतीनें पुढें धाडी. हा घोळ मिटविण्यासाठीं १७ मे १८६५ रोजीं वीस राज्यांनीं पॅरिस येथें करार केला. पुढें १८७४ सालीं एमिल बोदो या फ्रेंच तारखात्यांतील गृहस्थानें प्रत्येक अक्षरास सारख्या लांबीचे पांच संकेत देणाऱ्या यंत्राचें पेटंट घेतलें. त्याचेंच नांव ‘बॉड’ या वेगाच्या मापांत आजही टिकून आहे.

बोईसर-तारापूरकडे आहेत तशा कारखान्यांत एखादा वजनकांटा संगणकाला जोडावयाचा झाला, कीं हाच प्रश्न लहान रूपानें उभा राहतो. एकाच तारेंतून एकामागून एक संकेत जाणार. मग दोन्ही टोंकांनीं आधीं चार गोष्टी ठरविल्या पाहिजेत: वेग किती, एका अक्षरांत संकेत सात कीं आठ, पडताळ्याचा संकेत सम, विषम कीं मुळींच नाहीं, आणि शेवटचा विराम केवढा. कांटा सेकंदास ९,६०० संकेत पाठवितो आणि संगणक २,४०० च्या हिशेबानें ऐकतो, असें झालें तर वजनाऐवजीं पडद्यावर अर्थहीन चिन्हें उमटतात. दहा संकेतांच्या अक्षरांत दोन्हींच्या वेगांत शेंकडा पांचांहून अधिक तफावत पडली, तरी शेवटचा संकेत भलत्याच जागीं वाचला जातो. म्हणून जाणता कारागीर लगेच तार बदलावयास धांवत नाहीं. तो प्रथम दोन्हींकडचा करार ताडून पाहतो.

या रोगावर उपाय तीन. पहिला जुन्या तारमास्तराचा: सरहद्दीवर उतरवून घेणें. विरारपाशीं इंजिन बदलणें हा त्यांतलाच प्रकार, आणि त्यांत वेळ जातो. दुसरा उपाय दुभाषी नेमण्याचा. चित्तरंजनच्या कारखान्यानें १९७५ च्या सुमारास डब्ल्यू. सी. ए. एम.-१ हें इंजिन तयार केलें; त्याच्या नांवांतील ‘सी’ डी. सी. करितां आणि ‘ए’ ए. सी. करितां आहे. दोन तारांच्या मध्यें वीज नसलेला एक तुकडा ठेवलेला असे. तेथें येतांच चालक मुख्य स्विच बंद करी, गाडी वेगावर सरके, आणि पलीकडे इंजिन दुसरी भाषा बोलूं लागे. आरंभीं सांगितलेल्या चमत्काराचें कारण हेंच. अर्थात् दुभाष्याला दोन्ही भाषा सारख्या येत नसत. ए. सी. वर सुमारें ३,६०० अश्वशक्तीचें हें इंजिन डी. सी. वर सुमारें २,९०० चेंच काम देई.

मुंबईच्या लोकल गाडीला असा दुभाषी दीर्घकाळ मिळाला नाहीं. तारापूरच्या अणुवीज केंद्रांतून १९६९ सालीं वीज निघूं लागली, बोईसरच्या परिसरांत कारखाने आले. परंतु चर्चगेटची लोकल विरारलाच थांबे. सफाळें, केळवें, पालघर, बोईसर येथील नोकरदाराला शटल किंवा लांब पल्ल्याची एखादी गाडी गांठून विरारला यावें लागे, आणि परततांना ती चुकली तर फलाटावर तिष्ठत बसावें लागे. विरारपुढें रुळांचे दोनच मार्ग होते, हेंही त्याचें कारण. सारा दोष विजेच्या माथीं मारणें न्याय्य होणार नाहीं. पण जुनी लोकल वैतरणेपुढें नेणें अशक्यच होतें.

तिसरा उपाय सर्वांत खर्चाचा: एका टोंकानें आपली रीत सोडून दुसऱ्याची पत्करणें. त्यासाठीं नुसती तार बदलून भागत नाहीं. दाब वाढला, कीं तार आणि पूल यांमधलें अंतर वाढवावें लागतें, ए. सी. च्या सान्निध्यानें सिग्नलांत व टेलिफोनच्या तारांत व्यत्यय येतो, म्हणून तींही बदलावीं लागतात. आणि हें सारें रोजची वाहतूक चालू ठेवून! येथें दुभाषीच कामास आला. २००७ पासून दोन्ही विजांवर धांवणाऱ्या लोकल गाड्या आल्या, म्हणूनच तार टप्प्याटप्प्यानें पालटतां आली. ५ फेब्रुवारी २०१२ रोजीं चर्चगेट ते विरार हा सारा मार्ग ए. सी. झाला. १६ एप्रिल २०१३ रोजीं लोकल डहाणू रोडपर्यंत गेली. मध्य रेल्वेच्या हार्बर मार्गावरची शेवटची डी. सी. लोकल २०१६ च्या एप्रिलांत निघाली.

१९२८ सालीं केलेला एक शहाणा निर्णय बदलावयास चौऱ्याऐंशी वर्षें लागलीं. आपल्यापुरती उत्तम व्यवस्था करणाऱ्यानें पुढें कोणाशीं जोडून घ्यावें लागेल, याचा विचार आधींच केलेला बरा; कारण जोडणीचा खर्च पुढल्या पिढ्यांच्या माथीं बसतो, आणि त्यांतला पुष्कळसा पैशांनीं मोजतांही येत नाहीं. विरारच्या फलाटावर गेलेल्या संध्याकाळींचा हिशेब कोणत्याही वहींत लिहिलेला नाहीं. आतां डहाणूच्या लोकलमधला उतारू त्या जागेवरून डुलक्या घेत पुढें जातो, आणि वेस मोडल्याची याहून चांगली खूण दुसरी नाहीं.