खांबावरची नावं

कार्ल्याच्या चैत्यगृहात शिरलो की आपली मान आपोआप वर जाते. आज जरा खांबांकडे पाहू या. सुमारे २००० वर्षांपूर्वीचे ब्राह्मी लेख सांगतात: हा खांब धेनुकाकटच्या यवनाचं दान, ते दार गंधिक सिंहदत्ताचं. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपालही आहेच; पण भार एकट्यावर नाही. अख्खं लेणं कोणाला झेपणार? एक खांब झेपतो! देवळाच्या फरशीवर देणगीदाराचं नाव घालायची आपली रीत म्हणजे त्याच वाटेवरची. फरक एवढाच, की कार्ल्याला दार घडवणारा सुतार सामीसुद्धा नावानिशी कोरलेला आहे. आपल्या संगमरवरी फलकावर गवंडी कुठे असतो? पुढची वर्गणी मागण्याआधी याचं उत्तर आपणच द्यायला हवं.